गुडघ्याचे तुटलेले अस्थिबंध पुन्हा जुळतात काय?

बोट कापले तर आठ-दहा दिवसांत जखम भरून येते. हाड मोडले तर ते नीट बसवून बांधून ठेवल्यास काही आठवड्यांत सांधते. जिवंत शरीराचा हा धर्मच आहे. तथापि शरीराचा प्रत्येक भाग सारख्याच तत्परतेने भरून येतो असे नाही. याचे एक लक्षणीय उदाहरण आपल्या गुडघ्यातच सापडते. या सांध्यात एकमेकांपासून अवघ्या काही सेंटिमीटरांवर असे दोन बंध आहेत, की त्यांतील एक तुटला तर तो बहुधा शस्त्रक्रियेवाचून जुळतो आणि दुसरा तुटला तर पुष्कळदा जुळत नाही. दोन्ही बंध जवळजवळ एकाच द्रव्याचे बनलेले आहेत. मग त्यांच्या दैवात हा फरक का पडावा?

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. मैदानावर गुडघा पिळवटलेला तरुण खेळाडू, भाताच्या खाचरात पाय अडकून पडलेला शेतकरी, दुचाकीवरून घसरलेला कामगार, या सर्वांपुढे तोच प्रश्न उभा असतो: गुडघा आपोआप बरा होईल काय, की शस्त्रक्रिया करावी लागेल? त्याचे उत्तर समजण्यासाठी प्रथम गुडघ्याची रचना पाहू.

गुडघ्याची रचना

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड ही दोन लांब हाडे जेथे मिळतात तो गुडघ्याचा सांधा होय. समोरच्या बाजूस गुडघ्याची वाटी असते. मांडीच्या हाडाचे खालचे टोक दोन गोलाकार उंचवट्यांचे असते, तर नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट असतो. सपाट पाटावर दोन गोटे ठेवावेत तशी ही बैठक असल्यामुळे केवळ हाडांच्या आकाराने हा सांधा स्थिर राहू शकत नाही. दोन हाडांच्या मधोमध दोन अर्धचंद्राकृती कूर्चा असतात. त्यांना लोक गुडघ्याच्या गाद्या म्हणतात. त्या धक्के सोसतात व बैठक किंचित खोल करतात. परंतु सांध्याची खरी मदार आहे ती स्नायूंवर आणि हाडास हाडाशी जखडून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांवर. या पट्ट्यांना अस्थिबंध अथवा लिगामेंट म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणारी ती कंडरा आणि हाडाला हाडाशी जोडणारा तो अस्थिबंध, हा भेद ध्यानात ठेवावा.

गुडघ्यात असे चार प्रमुख बंध आहेत. आतल्या व बाहेरच्या बाजूंस एकेक पार्श्वबंध असतो. त्यांच्यामुळे गुडघा डावीउजवीकडे कलंडत नाही. सांध्याच्या ऐन मध्यभागी दोन बंध फुलीच्या रेघांप्रमाणे एकमेकांना छेदून जातात, म्हणून त्यांना स्वस्तिकबंध म्हणतात. त्यांतील पुढचा बंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि ते पिळवटले जाऊ नये म्हणूनही झटतो. मागचा बंध तेच हाड मागे सरकू देत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील विख्यात वैद्य गेलेन यालाही या फुलीची माहिती होती.

पुढचा स्वस्तिकबंध सुमारे तीन सेंटिमीटर लांब आणि सुमारे एक सेंटिमीटर रुंद, म्हणजे करंगळीएवढाही नसतो. परंतु अमेरिकेतील संशोधक सॅव्हिओ वू व त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, तरुण व्यक्तींच्या गुडघ्यांतील हा बंध तोडण्यास सरासरी २१६० न्यूटन, म्हणजे सुमारे २२० किलोग्रॅम वजनाइतका ताण द्यावा लागला. साठीच्या पुढील व्यक्तींच्या बंधाची ताकद याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरली.

बंध कशाचा बनतो व कसा तुटतो

अस्थिबंधाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाणीच असतो. पाणी वगळून जे उरते त्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा वाटा सर्वांत मोठा. कोलॅजनचे सूक्ष्म धागे एकत्र येऊन तंतू, तंतू एकत्र येऊन जुड्या आणि जुड्या एकत्र येऊन बंध, अशी काथ्याच्या दोरखंडासारखी ही घडण असते. विश्रांतीच्या स्थितीत हे तंतू किंचित नागमोडी असतात. ताण पडला की प्रथम ते सरळ होतात आणि मग जोर धरतात. तंतूंच्या मधून विखुरलेल्या तंतुजनक पेशी नवे कोलॅजन तयार करण्याचे काम संथपणे करीत असतात.

ताण मर्यादेपलीकडे गेला की तंतू तुटू लागतात. थोडेच तंतू तुटले तर ती पहिल्या प्रतीची दुखापत, बंध अर्धवट फाटला तर दुसऱ्या प्रतीची आणि पूर्ण तुटला तर तिसऱ्या प्रतीची, असे वैद्यक मानते. पुढचा स्वस्तिकबंध तुटण्यास दुसऱ्याचा धक्का लागलाच पाहिजे असे नाही. धावता धावता एकदम थांबून दिशा बदलणे, उडी मारून वाकडे उतरणे, पाय जमिनीत रुतलेला असताना अंग वळणे, एवढे पुरते. फुटबॉल, कबड्डी, बास्केटबॉल यांसारख्या खेळांत ही दुखापत वारंवार दिसते. अशा वेळी पुष्कळांना गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाल्याचे जाणवते आणि काही तासांतच गुडघा सुजून टम्म होतो. ही सूज साध्या पाण्याची नसून बहुधा सांध्यात साकळलेल्या रक्ताची असते.

आतला पार्श्वबंध: जुळण्याचा क्रम

आता आतल्या बाजूचा पार्श्वबंध फाटला असता काय घडते ते पाहू. हा बंध सांध्याच्या पोकळीबाहेर आहे. त्याच्या भोवती मऊ ऊतके व रक्तवाहिन्या आहेत. बंध फाटताच त्या वाहिन्यांतून रक्त येते आणि दोन टोकांमधल्या जागेत त्याची गुठळी जमते. या गुठळीत फायब्रिन या प्रथिनाचे जाळे असते. सांधणुकीचा पाया तो हाच. गवंडी कमान बांधताना आधी लाकडी सांगाडा उभा करतो, त्याप्रमाणे हे जाळे पुढे येणाऱ्या पेशींना आधार देते.

पहिले काही दिवस शोथाचे, म्हणजे सूज, उष्णता व वेदना यांचे असतात. या काळात रक्तातील श्वेतपेशी मोडतोड साफ करतात आणि वाढीला चालना देणारी द्रव्ये स्रवतात. त्यानंतर काही आठवडे तंतुजनक पेशी जाळ्यात शिरून संख्येने वाढतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि नवे कोलॅजन तयार होऊ लागते. हे कोलॅजन आरंभी बारीक व अस्ताव्यस्त असते. तिसरा टप्पा पुनर्रचनेचा. तो कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक चालतो. त्यात तंतू ताणाच्या दिशेने हळूहळू ओळीने बसतात आणि बंध मजबूत होत जातो.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. जो बंध जुळून येतो तो हुबेहूब पूर्वीसारखा नसतो. त्वचेवर जसा व्रण राहतो तसाच हाही एक व्रण होय. प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले आहे, की वर्षभरानंतरही या व्रणातील तंतू मूळच्या तंतूंहून बारीक राहतात आणि त्या ऊतकाची प्रत मूळच्या बंधास पोहोचत नाही. मात्र व्रण जाड झाल्यामुळे एकंदर बंध रोजच्या कामास, किंबहुना खेळासही पुरेसा ठरतो. १९८३ साली अमेरिकेतील शल्यचिकित्सक पीटर इंडेलिकाटो यांनी आतला पार्श्वबंध पूर्णपणे तुटलेल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांचा बंध शिवला होता आणि ज्यांना केवळ आधारपट्टा व व्यायाम दिला होता, त्या दोहोंच्या गुडघ्यांत फारसा फरक आढळला नाही. तेव्हापासून केवळ आतला पार्श्वबंध तुटला असल्यास शस्त्रक्रिया टाळण्याकडेच कल आहे. बाहेरच्या बाजूचे बंध मागच्या कोपऱ्यासह पूर्ण तुटले असल्यास मात्र एवढा भरवसा धरता येत नाही.

पुढचा स्वस्तिकबंध मागे का राहतो

पुढच्या स्वस्तिकबंधाची परिस्थिती निराळी आहे. तो सांध्याच्या मध्यभागी असून संधिकला नावाच्या पातळ आवरणाने वेढलेला असतो. सांध्यात वंगणाचे काम करणारा संधिद्रव सर्वत्र फिरत असतो. बंध तुटला की आवरणही फाटते आणि तुटकी टोके या द्रवात उघडी पडतात. रक्त येते, परंतु ते जागच्या जागी न गोठता सांधाभर पसरते. शिवाय दुखापतीनंतर सांध्यात प्लॅस्मिन हे एंझाइम क्रियाशील होते व फायब्रिनचे जाळे विरघळवते. ज्या सांगाड्यावर बांधकाम व्हावयाचे तो सांगाडाच उभा राहत नाही.

याचा अर्थ या बंधात जीव नसतो असा मात्र नव्हे. बॉस्टन येथील मार्था मरे व त्यांचे सहकारी यांनी २००० साली तुटलेल्या मानवी स्वस्तिकबंधांची सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी प्रसिद्ध केली. तुटक्या टोकांत पेशींची संख्या वाढलेली होती, नव्या रक्तवाहिन्याही फुटल्या होत्या. म्हणजे दुरुस्तीची धडपड चालू होती. परंतु दोन टोकांना जोडणारा सेतू कोठेच तयार झाला नव्हता, आणि कालांतराने प्रत्येक टोकावर संधिकलेचा थर चढून ते गुळगुळीत झाले होते. कारागीर हजर, सामग्री हजर, परंतु दोन काठांमध्ये पाय ठेवण्यास जागा नाही, अशी ही अवस्था होय.

मागचा स्वस्तिकबंधही सांध्यातच असतो. तथापि तो अधिक जाड असून त्याच्याभोवतालचे आवरण व रक्तपुरवठा अधिक अनुकूल आहेत. त्यामुळे तो पुष्कळदा जुळतो, परंतु किंचित सैल राहून जुळतो.

करून पाहा

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. सुती दोऱ्याच्या दोन तुकड्यांची टोके काचेच्या कोरड्या पट्टीवर समोरासमोर ठेवा. मध्ये दाट डिंकाचा एक थेंब टाका आणि पट्टी रात्रभर तशीच राहू द्या. दुसऱ्या पट्टीवर तशीच मांडणी करा, परंतु डिंक ओला असतानाच ती पट्टी पाण्याच्या ताटलीत बुडवून ताटली मधून मधून हलवा. पहिल्या पट्टीवरील टोके जुळलेली आढळतील. दुसरीवरील डिंक विरघळून टोके सुटी राहतील. दोरा तोच, डिंक तोच, फरक केवळ भोवतालच्या स्थितीचा. सजीव ऊतकांतील व्यवहार याहून पुष्कळच गुंतागुंतीचा असतो, परंतु मूळ मुद्दा या प्रयोगातून स्पष्ट होतो.

शिवण्याचे प्रयत्न

इंग्लंडमधील लीड्स येथील शल्यचिकित्सक मेयो रॉबसन यांनी १८९५ साली एका खाणकामगाराचे तुटलेले स्वस्तिकबंध शिवले. ही या प्रकारची पहिली ज्ञात शस्त्रक्रिया समजली जाते. विसाव्या शतकाच्या मध्यास असे बंध ताबडतोब शिवावेत हा विचार बळावला. पुढे अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत ज्या छात्रांचे बंध शिवले होते त्यांची पाच वर्षांनंतरची स्थिती जॉन फीगिन व वॉल्टन कर्ल यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. ती निराशाजनक होती. आरंभी बरे वाटलेले अनेक गुडघे पुन्हा अस्थिर झाले होते. नुसत्या टाक्यांनी टोके जवळ आली, परंतु भोवतालची प्रतिकूल स्थिती बदलली नव्हती.

यानंतर शिवण मागे पडून पुनर्रचनेची शस्त्रक्रिया रूढ झाली. तीत रुग्णाच्याच मांडीमागील किंवा वाटीखालील कंडरेचा तुकडा घेऊन तो हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून जुन्या बंधाच्या जागी ओवतात. हा तुकडाही बसवताक्षणी पक्का होत नाही. त्यातील जुन्या पेशी मरतात, नव्या पेशी व रक्तवाहिन्या शिरतात आणि त्याचे बंधात रूपांतर होण्यास अनेक महिने जातात. नॉर्वेतील रुग्णांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने होईपर्यंत खेळाकडे परतणे जितके लांबवावे तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका घटतो.

नवा पुरावा

अलीकडील संशोधनाने जुन्या समजुतीत दोन बाजूंनी भर घातली आहे. पहिली बाजू कृत्रिम सेतूची. मरे यांच्या गटाने कोलॅजनचा एक स्पंज तयार केला. तो रुग्णाच्याच रक्तात भिजवून तुटक्या टोकांमध्ये बसवितात, म्हणजे सांध्यातील द्रवातही गुठळी टिकून राहते. शंभर रुग्णांवरील चाचणीत दोन वर्षांनंतर ही पद्धत नेहमीच्या पुनर्रचनेच्या तोडीची आढळली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली.

दुसरी बाजू शस्त्रक्रियेवाचून जुळण्याची. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांची दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटाची शस्त्रक्रिया लगेच केली. दुसऱ्या गटाला आधी व्यायाम दिला व गरज भासल्यास पुढे शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांची स्थिती सारखीच होती. पुढे याच रुग्णांच्या चुंबकीय प्रतिमा पुन्हा तपासल्या असता, केवळ व्यायामावर राहिलेल्या ३० जणांपैकी १६ जणांत बंध जुळल्याची चिन्हे दिसली. ऑस्ट्रेलियात २०२३ साली ८० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुडघा काटकोनात वाकवून चार आठवडे आधारयंत्रात ठेवला, कारण त्या स्थितीत तुटकी टोके परस्परांच्या जवळ येतात. पुढे हालचाल हळूहळू वाढवून बारा आठवड्यांनी यंत्र काढले. तीन महिन्यांच्या प्रतिमेत ७२ जणांचे बंध अखंड दिसले. मात्र ११ जणांना पुढे पुन्हा दुखापत झाली.

हे आकडे आशादायक असले तरी जपून वाचावयास हवेत. ऑस्ट्रेलियातील अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. प्रतिमेत बंध अखंड दिसणे आणि तो पूर्ववत बळकट असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय पाय इतके दिवस जखडल्यास शिरांत रक्त साकळण्याचा धोका असतो, म्हणून त्या रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी औषधे द्यावी लागली. हा प्रयोग घरी करण्याचा नव्हे. उलटपक्षी, ब्रिटनमध्ये दीर्घकाळ अस्थिर राहिलेल्या गुडघ्यांच्या ३१६ रुग्णांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ व्यायामापेक्षा शस्त्रक्रियाच अधिक गुणकारी ठरली. ताज्या दुखापतीला लागू पडणारा न्याय जुन्या दुखापतीस लागू पडतोच असे नाही.

विश्रांती किती, हालचाल किती

बंध जुळावा म्हणून पाय महिनोन् महिने निश्चल ठेवावा काय? १९८७ साली वू व त्यांचे सहकारी यांनी सशांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी गुडघा नऊ आठवडे जखडून ठेवला असता पार्श्वबंधाची ताकद मूळच्या सुमारे एक तृतीयांशावर आली. बंधालाही स्नायूप्रमाणे वापराची गरज असते. म्हणून आरंभी संरक्षण आणि नंतर देखरेखीखाली क्रमाक्रमाने हालचाल, हे आजच्या उपचारांचे सूत्र आहे. मांडीच्या पुढील व मागील स्नायूंचे बळ वाढविणे हा त्याचा प्रमुख भाग होय.

सूज उतरणे म्हणजे बंध जुळणे नव्हे

या विषयातील सर्वांत व्यवहारोपयोगी धडा हाच आहे. गुडघा दुखावल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते, मनुष्य नीट चालू लागतो आणि आपण बरे झालो असे समजून मैदानावर किंवा जड कामावर परततो. परंतु बंध तुटलेलाच असेल तर वळताना गुडघा दगा देतो. असा प्रत्येक प्रसंग गाद्यांना फाडू शकतो व हाडांवरील कूर्चा झिजवू शकतो. बंधाची उणीव स्नायूंनी थोडीफार भरून काढता येते. झिजलेली कूर्चा मात्र सहसा परत मिळत नाही, आणि चाळिशीच्या आतच सांधा म्हातारा होण्याची भीती राहते.

यास्तव काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दुखापत होताच खेळ थांबवावा, पाय उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा. पहिल्या दिवसांत जोराने मालीश करू नये व गुडघा ओढून 'बसवू' नये. काही तासांत भरलेली सूज, आवाज झाल्याची जाणीव, पाय टेकता न येणे, गुडघा अडकणे किंवा दगा देणे, यांपैकी काहीही असल्यास अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. क्ष-किरणांच्या चित्रात हाडे दिसतात, बंध दिसत नाहीत. म्हणून 'हाड मोडलेले नाही' एवढ्या निर्वाळ्यावर समाधान मानू नये. तज्ज्ञ हातांनी सांधा हलवून परीक्षा करतात आणि जरूर पडल्यास चुंबकीय प्रतिमा घेतात. शस्त्रक्रिया करावी की व्यायामावर राहावे हे बंध कोणता, दुखापत किती जुनी, गाद्या शाबूत आहेत काय आणि रुग्णाचा व्यवसाय कोणता, या सर्वांचा विचार करून ठरते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. तुटलेला अस्थिबंध जुळतो किंवा नाही, हे केवळ त्या बंधावर अवलंबून नसते. रक्ताची गुठळी टिकली, दोन टोके जवळ राहिली आणि योग्य वेळी योग्य ताण मिळाला, तर दुरुस्तीची शक्ती आपले काम करते. यांतील एकही गोष्ट हुकली तर तीच शक्ती असहाय होते. वैद्याच्या हाती आहे ते या शक्तीला अनुकूल स्थिती मिळवून देणे, आणि रुग्णाच्या हाती आहे ते तिला पुरेसा वेळ देणे.